सेलमध्ये स्विच नक्की काय होतंय?

प्रश्न : नागपूरला रेझिस्टिव्ह मेमरीवर, म्हणजे व्होल्टेजने रेझिस्टन्स बदलून माहिती साठवणाऱ्या सेलवर, पीएच.डी. करतेय. एफटीओ काचेवर (वीजवाहक लेपाच्या काचेवर) सोल-जेल आणि स्पिन कोटिंगने (द्रावण गोल फिरवून पसरवत) टायटॅनियम डायऑक्साइडची साधारण १०० नॅनोमीटर जाडीची फिल्म केली, ४५० अंशांवर अ‍ॅनिल केली, वर सिल्व्हर पेस्टचे ठिपके दिले. आय-व्ही (व्होल्टेज बदलत करंट) मोजलं की शून्यातून जाणारा लूप येतो. ऑन आणि ऑफ रेझिस्टन्समध्ये शंभरपट फरक आहे. पण काही सायकलनंतर सेल ऑनमध्ये अडकतो, रिसेट (परत ऑफ) होतच नाही. उन्हाळ्यात केलेली सॅम्पल आणि पावसाळ्यातली सॅम्पल वेगळी वागतात. पेपरमध्ये आम्ही ‘ऑक्सिजन व्हेकन्सीचा फिलामेंट’ (ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा तंतू) आणि एससीएलसी (स्पेस चार्ज लिमिटेड करंट) असं लिहिलं होतं. रिव्ह्यूअर विचारतोय, पुरावा काय? डोपिंग करून बघू का, की मटेरियलच बदलू?

उत्तर :

डोपिंगच्या भानगडीत आत्ता पडू नका, आणि मटेरियलही बदलू नका. तुम्ही फिल्मबद्दल सगळं लिहिलंत, वरच्या इलेक्ट्रोडबद्दल दोन शब्द लिहिलेत, आणि सेट (ऑन) करताना करंटला मर्यादा किती लावली होती याबद्दल एक अक्षरही नाही. थिन फिल्मच्या लॅबमध्ये तयार झालेल्या माणसाचं असं होतंच. फिल्म आपण हाताने बनवलेली असते, त्यामुळे जे घडतं ते फिल्ममुळेच असं वाटत राहतं. इथे फिल्म निम्मीच आहे. वर कोणता धातू बसवलाय आणि सेटच्या क्षणी किती करंट आत शिरला, हे दोन प्रश्न आधी सोडवा. अडकणारा सेल, पावसाळा आणि रिव्ह्यूअर या तिघांचीही बरीचशी उत्तरं तिथेच निघतील.

रिव्ह्यूअर एवढा चिडका का, ते आधी सांगतो. ऑक्साइडच्या पातळ थराचा रेझिस्टन्स व्होल्टेजने बदलतो हे हिकमॉटने १९६२ मध्येच अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅनोडिक ऑक्साइडवर नोंदवलं होतं. दोन वर्षांत निकेल ऑक्साइडवरही तेच दिसलं. मग बरीच वर्षं विषय थंड पडला. २००० मध्ये आयबीएमच्या झुरिकच्या लॅबने क्रोमियम घातलेल्या स्ट्रॉन्शियम झिर्कोनेटवर काम छापलं. सुपरकंडक्टिव्हिटीचं नोबेल मिळवलेले बेडनॉर्झ त्या गटात होते. २००४ मध्ये सॅमसंगने निकेल ऑक्साइडची मेमरी दाखवली आणि २००८ मध्ये एचपीने टायटॅनियम डायऑक्साइडच्या सेलला ‘मेमरिस्टर’ म्हटलं. त्यानंतर जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. हाताला लागेल ते ऑक्साइड, इतकंच काय अंड्याचा पांढरा बलकसुद्धा दोन इलेक्ट्रोडमध्ये घालून लूप काढून झालाय. त्यामुळे नुसता लूप दाखवून ‘व्हेकन्सी फिलामेंट’ लिहिणारा पेपर आला की रिव्ह्यूअरची पहिली नजर वरच्या इलेक्ट्रोडवर जाते. तुमच्या वरच्या इलेक्ट्रोडवर तर चांदी आहे.

चांदी आणि तांबं हे गप्प बसणारे धातू नाहीत. त्यांच्यावर धन व्होल्टेज दिलं की अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात, फिल्ममधून सरकत खालच्या इलेक्ट्रोडपाशी पोचतात, तिथे पुन्हा धातू होऊन साचतात आणि साचत साचत वरपर्यंत येतात. वरखाली जोडणी झाली की सेल ऑन. व्होल्टेज उलटं केलं की हा धातूचा तंतू विरघळतो आणि सेल ऑफ होतो. याला ईसीएम म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल मेटलायझेशन. तुम्ही लिहिलंय तो प्रकार वेगळा, व्हीसीएम, म्हणजे व्हॅलन्स चेंज मेमरी. त्यात ऑक्साइडमधला ऑक्सिजन जागा सोडतो, मागे धन प्रभाराच्या व्हेकन्सी उरतात, त्या एका ठिकाणी दाटल्या की तिथला टायटॅनियम चारवरून तीनच्या अवस्थेकडे येतो आणि करंटला वाट मिळते. दोन्हींचा लूप कागदावर इतका सारखा दिसतो की नुसत्या लूपवरून कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यात सोल-जेलची फिल्म सच्छिद्र असते. पेस्टमधलं सॉल्व्हंट चांदीचे कण घेऊन त्या छिद्रांत उतरतं. म्हणजे व्होल्टेज द्यायच्या आधीच चांदी निम्मी वाट चालून गेलेली असू शकते.

व्हेकन्सीच्या बाजूने बहुतेक सगळे जो पुरावा उद्धृत करतात तो २०१० चा, कोरियन गटाचा. त्यांनी टीईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) टायटॅनियम डायऑक्साइडमधले तंतू थेट पाहिले आणि ते मॅग्नेली फेजचे, म्हणजे चार टायटॅनियमला सात ऑक्सिजन अशा प्रमाणाचे निघाले. काम अस्सल आहे. पण त्यांच्या सेलला वर आणि खाली दोन्हीकडे प्लॅटिनम होतं. वर चांदी ठेवून त्या कामाचा आधार घेता येत नाही.

मग तपासायचं कसं? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी म्हणजे एकाच सॅम्पलवर अर्ध्या भागात चांदी आणि अर्ध्या भागात सोनं किंवा प्लॅटिनम. तीच फिल्म, तोच दिवस, तोच शॅडो मास्क (ठिपक्यांच्या छिद्रांचा साचा). सोन्याखाली स्विचिंग नाहीसं झालं, किंवा फॉर्मिंगला (नव्या सेलच्या पहिल्या सेटला) भलतंच जास्त व्होल्टेज लागायला लागलं, तर तुमचा सेल चांदीवर चालतोय. सोन्याखालीही तसंच सुरू राहिलं तर व्हेकन्सीचं म्हणणं मांडायला जागा आहे. ‘सोनं परवडत नाही, अ‍ॅल्युमिनियम चालेल का?’ असं हमखास विचारलं जातं. नाही चालणार. अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजनचा हावरट आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवर बसल्या बसल्या तो त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मधे स्वतःच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर करतो. मग स्विचिंग त्या थरात चाललंय की तुमच्या फिल्ममध्ये, हा नवा प्रश्न उभा राहतो. उद्योगात टायटॅनियम, टँटलम किंवा हाफ्नियमचा धातू मुद्दाम एका बाजूला ठेवतात तो याच गुणासाठी. तो ऑक्सिजन काढून घेऊन व्हेकन्सी तयार ठेवतो. पण तिथे तो जाणूनबुजून ठेवलेला असतो, हा फरक आहे.

पोलॅरिटीही लिहून ठेवा. सेट कोणत्या इलेक्ट्रोडवर धन असताना झाला? चांदी धन असताना सेट, ऋण असताना रिसेट असेल तर संशय चांदीवर. हा इशारा आहे, निकाल नाही. पण तुमच्या आलेखात ‘व्होल्टेज कुठे दिलं, ग्राउंड कुठे होतं’ हेच लिहिलेलं नसेल तर रिव्ह्यूअरला एवढाही इशारा मिळत नाही.

दुसरी चाचणी तापमानाची. सेल ऑन करा, ०.१ व्होल्टवर रेझिस्टन्स वाचा, हॉट प्लेटवर खोलीच्या तापमानापासून १०० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने न्या. धातूचा तंतू असेल तर रेझिस्टन्स वाढत जाईल. जाडजूड चांदीत तो दर अंशाला ०.३८ टक्के वाढतो, बारीक तंतूत त्याहून कमी. व्हेकन्सीचा तंतू बऱ्याचदा सेमीकंडक्टरसारखा वागतो, तापवल्यावर रेझिस्टन्स घटतो. इथे एक खड्डा आहे आणि एफटीओवर काम करणारे त्यात नेमके पडतात. एफटीओचा शीट रेझिस्टन्स १० ते १५ ओहम प्रति चौकोन असतो. ठिपका आणि खालचा कॉन्टॅक्ट यांच्यात तीन-चार चौकोनांचं अंतर असेल तर नुसत्या एफटीओचेच ५०-६० ओहम झाले. तुमचा ऑन रेझिस्टन्स ७० ओहम असेल तर तुम्ही तंतूचा तापमान-गुणांक मोजत नसून काचेवरच्या लेपाचा मोजताय. एफटीओवर दोन स्वतंत्र कॉन्टॅक्ट काढा, त्याचा रेझिस्टन्स त्याच तापमानांना मोजा आणि वजा करा.

तिसरी चाचणी क्षेत्रफळाची. वेगवेगळ्या आकाराचे ठिपके करा. ऑफ रेझिस्टन्स क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात बदलला आणि ऑन रेझिस्टन्स ढिम्म राहिला तर वाट एका जागी आहे, म्हणजे फिलामेंट. दोन्ही क्षेत्रफळाबरोबर बदलले तर संपूर्ण इंटरफेस बदलतोय आणि तुमचं स्पष्टीकरण मुळातून लिहायला हवं. काडीने ठेवलेल्या पेस्टच्या ठिपक्यावर हे जमणार नाही. त्याची कड पसरलेली असते आणि दोन ठिपके कधी सारखे येत नाहीत. थर्मल इव्हॅपोरेशन आणि पातळ स्टीलचा मास्क, एवढी सोय तर हवीच.

आता अडकणाऱ्या सेलकडे येऊ. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील हाच आहे.

आधी एक साधी गोष्ट तपासा. सोर्समीटरच्या प्रोग्रॅममध्ये कॉम्प्लायन्स (करंटची मर्यादा) दोन्ही बाजूंना एकच ठेवलाय का? सेट करताना १ मिलिअ‍ॅम्पिअर लावला आणि रिसेटच्या स्वीपलाही तोच राहिला तर सेल सुटेलच याची खात्री नाही. तंतू तोडायला साधारण तेवढाच करंट लागतो जेवढा त्याला घडवताना मिळाला होता. रिसेटच्या वेळी मर्यादा सैल करा, पण एकदम १०० मिलिअ‍ॅम्पिअरवर उडी मारू नका. ५, १०, २० असं चढत जा.

हे करूनही अडकत असेल तर खरं दुखणं असं की तुम्ही लावलेला कॉम्प्लायन्स सेलला कधी मिळालाच नाही. स्क्रीनवर करंट १ मिलिअ‍ॅम्पिअरवर सपाट झालेला दिसतो, पण सेलचा रेझिस्टन्स नॅनोसेकंदांत कोसळतो आणि सोर्समीटरच्या सर्किटला ते कळून आवर घालायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तोवर वायरमध्ये साठलेला सगळा प्रभार तंतूतून वाहून गेलेला असतो. कोअ‍ॅक्सिअल केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरा. ३ व्होल्टवर सेट झाला तर ४५० पिकोज्यूल ऊर्जा एका दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या तंतूत क्षणार्धात ओतली गेली. स्क्रीनवर यातलं काहीही दिसत नाही, कारण पुढचं मोजमाप होईपर्यंत सगळं शांत झालेलं असतं.

केबलचं तरी लोकांना माहीत असतं. तुमच्या बाबतीत त्याहून मोठा कपॅसिटर सेल स्वतःच आहे. १ मिलिमीटर व्यासाचा ठिपका, १०० नॅनोमीटरची फिल्म, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४० धरला तर कपॅसिटन्स येतो सुमारे २.८ नॅनोफॅरड, म्हणजे केबलच्या २८ पट. ३ व्होल्टला साडेबारा नॅनोज्यूल. ही ऊर्जा सेलच्या आतूनच तंतूत रिकामी होते, बाहेर कितीही चांगलं उपकरण लावलं तरी तिला अडवता येत नाही. उपाय एकच, ठिपका लहान करा. व्यास २०० मायक्रोमीटर केला की क्षेत्रफळ पंचवीसपट घटतं आणि कपॅसिटन्स ०.११ नॅनोफॅरडवर येतो. फिल्मही पातळ करा, ४०-५० नॅनोमीटर. पातळ थराने कपॅसिटन्स वाढतो हे खरं, पण फॉर्मिंगचं व्होल्टेज जाडीबरोबर उतरतं आणि ऊर्जेत व्होल्टेज वर्गाने येतं, त्यामुळे हिशेब फायद्यातच पडतो.

केबलच्या प्रभारासाठी सिरीजमध्ये रेझिस्टर लावा, सुरुवातीला ५ किंवा १० किलोओहम. तो उपकरणाच्या मागे लावून उपयोग नाही. प्रोबच्या टोकाशी, सेलला जवळजवळ चिकटून लावा, म्हणजे केबलचा कपॅसिटन्स रेझिस्टरच्या पलीकडे राहील. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात दोन-चार रुपयांना मिळणारा हा भाग तुमच्या पेपरची जेवढी सेवा करेल तेवढी महागडी एफई-सेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) करणार नाही. रिसेटच्या वेळी मात्र तो काढा किंवा बायपास करा. नाहीतर सेल ऑफकडे जाताच रेझिस्टरवरचं व्होल्टेज एकदम सेलवर येतं आणि पुढचा गोंधळ सुरू होतो. कंपन्यांच्या चिपमध्ये हेच काम प्रत्येक सेलखालचा ट्रान्झिस्टर करतो.

तुमच्याकडे आत्ता जो डेटा पडलाय त्यावरूनच ओव्हरशूट (मर्यादेपलीकडे उसळलेला करंट) पकडता येतो. दोन आकडे काढा. एक, रिसेटचा सर्वोच्च करंट. तो सेटच्या कॉम्प्लायन्सच्या आसपास असायला हवा. १ मिलिअ‍ॅम्पिअरला सेट आणि १५ मिलिअ‍ॅम्पिअरला रिसेट असं दिसत असेल तर सेटच्या वेळी १५ च्या घरातच करंट गेला होता. दोन, ऑन रेझिस्टन्स. ऑक्साइड सेलमध्ये ढोबळ अंदाज असा की अर्धा व्होल्ट भागिले कॉम्प्लायन्स. १ मिलिअ‍ॅम्पिअरला चार-पाचशे ओहम अपेक्षित आहेत. तुम्हाला एफटीओ वजा करून ३० ओहम मिळत असतील तर आकडा स्वतःच कबुली देतोय. हे दोन आकडे प्रत्येक सायकलचे मांडून बघा. बहुतेक असं दिसेल की ते सायकलगणिक सरकत गेलेत, तंतू दर वेळी थोडा जाड होत गेलाय, आणि शेवटी रिसेट हाताबाहेर गेलाय.

कॉम्प्लायन्स खूप खाली आणला, समजा १० मायक्रोअ‍ॅम्पिअर, तर चांदीच्या सेलमध्ये उलट गंमत दिसते. तंतू इतका बारीक राहतो की व्होल्टेज काढताच आपोआप तुटतो. सेट झालेला दिसतो आणि वाचायला जाल तर ऑफ. ही मेमरी नव्हे, थ्रेशोल्ड स्विचिंग. त्यालाही आता उपयोग आहेत, पण मग पेपरचं शीर्षक वेगळं लागेल.

फॉर्मिंगनंतर ठिपका ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली बघायची सवय लावा. पेस्टवर काही दिसत नाही, पण सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या गुळगुळीत पातळ थरावर फोड उठलेले दिसतात, कधी कडेला फाटलेला धातूही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या सेलमध्ये फॉर्मिंगच्या वेळी ऑक्सिजन वायू सुटतो आणि तो वरचा इलेक्ट्रोड उचलतो. एचपीच्याच गटाने हे २००९ मध्ये दाखवलंय. फोड दिसला तर ऑक्सिजन हललाय याचा तो बऱ्यापैकी सरळ पुरावा आहे. शिवाय त्या सेलचं आयुष्य फार नाही हेही कळतं.

ऋतूंचं म्हणाल तर तुम्ही ते लिहिलंत हे फार चांगलं केलंत. लोक असा फरक लपवतात. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. पहिली, फिल्म बनवतानाची. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हवेतल्या बाष्पाने लगेच हायड्रोलाइज होतं. जुलैत बाटली उघडून पिपेट बुडवेपर्यंत तोंडाशी पांढरी साय धरते आणि सोलमध्ये डोळ्यांना न दिसणारे गठ्ठे तयार होतात. फिल्म जास्त सच्छिद्र येते. अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन घालून ही अभिक्रिया मंद करा आणि सोल गाळूनच स्पिन करा. मे महिन्यात त्रास उलटा. खोली ४० अंशांच्या वर गेली की इथेनॉल फिरतानाच उडतं आणि फिल्मवर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या आरेसारख्या रेषा उमटतात, म्हणजे जाडी जागोजागी वेगळी. त्यात आपल्याकडच्या लॅबमध्ये एसी बंद आणि खिडकीत कूलर, हा प्रकार सर्रास. बाहेर हवा कोरडीठाक, आत कूलरने दमट केलेली, आणि वहीत लिहिलेलं ‘उन्हाळा, कोरडी हवा’. एक साधा हायग्रोमीटर स्पिन कोटरशेजारी ठेवा आणि प्रत्येक बॅचला आकडा लिहा.

दुसरी गोष्ट मोजतानाची. चांदीचा अणू आयन होऊन निघायचा तर प्रभाराचा तोल राखायला समोरच्या इलेक्ट्रोडवर दुसरी काहीतरी अभिक्रिया व्हावी लागते. छिद्रांत शोषलेलं पाणी ते काम करतं. म्हणून ईसीएम सेल दमट हवेत सहज सेट होतात आणि कोरड्यात किंवा व्हॅक्युममध्ये त्यांना जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा पावसाळ्यातल्या सॅम्पलना मुद्दाम तपासा. १२० अंशांवर तासभर ठेवा, कोरड्या नायट्रोजनखाली थंड करा, तिथेच मोजा. सेटचं व्होल्टेज ठळकपणे बदललं तर पाणी सामील आहे. तुम्ही ज्याला अडचण म्हणताय तो ऋतूंमधला फरक नीट नियंत्रण ठेवून मांडला तर पेपरमधला सगळ्यात वाचनीय आलेख तोच होईल.

एससीएलसीबद्दल स्पष्टच सांगतो. लॉग-लॉग आलेखात उतार २ आला म्हणजे एससीएलसी सिद्ध होत नाही. चार तुकडे पाडून प्रत्येकाला सरळ रेषा बसवली तर कुठे ना कुठे २ येतोच. त्या नियमाची खरी खूण जाडी आहे. त्याच व्होल्टेजला जाडी दुप्पट केली की करंट डेन्सिटी आठव्या हिश्श्यावर यायला हवी. दोन-तीन जाड्यांच्या फिल्म करून हे दाखवा, नाहीतर ते नाव घेऊ नका. करंट वाहण्याचं पूल-फ्रेंकेल किंवा शॉट्की मॉडेल बसवायचं असेल तर उतारावरून डायइलेक्ट्रिक स्थिरांक काढा. तो अपवर्तनांकाच्या वर्गाच्या जवळ यावा लागतो, आणि टायटॅनियम डायऑक्साइडसाठी तो सहाच्या आसपास. तुमचा आकडा ०.४ किंवा २०० निघाला तर रेषा कितीही सुंदर बसली तरी ते मॉडेल खोटं. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे, तरी छापून आलेल्या बऱ्याच पेपरांत तो दिसत नाही.

आणि ऑफ करंट नॅनोअ‍ॅम्पिअरमध्ये असेल तर आणखी एक. वरच्या २.८ नॅनोफॅरडच्या ठिपक्याला सेकंदाला १ व्होल्टच्या गतीने स्वीप दिला तर २.८ नॅनोअ‍ॅम्पिअर नुसता कपॅसिटरचा करंट वाहतो. लूपचा काही भाग तोच असू शकतो. गती दहापट कमी करून बघा.

एक्सपीएससाठी (क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून रसायन ओळखायच्या चाचणीसाठी) रांग लावली असेल तर एवढं ध्यानात ठेवा. ऑक्सिजनच्या १एस पीकला ५३१.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जो खांदा दिसतो, त्याला ‘व्हेकन्सी’ असं लेबल लावायची प्रथाच पडलीय. जी जागा रिकामी आहे ती इलेक्ट्रॉन कुठून सोडणार? सोल-जेलच्या फिल्मवर तो खांदा प्रामुख्याने पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिलचा आणि कार्बोनेटचा असतो. व्हेकन्सीची अप्रत्यक्ष खूण हवी असेल तर टायटॅनियमच्या २पी पीककडे बघा, मुख्य पीकच्या दीड-दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली तीनच्या अवस्थेचा भाग दिसतो का ते. तरीही ते माप शेकडो मायक्रोमीटरच्या पट्ट्याची सरासरी देतं, आणि तुमचा तंतू दहा-वीस नॅनोमीटरचा. एक्सपीएस फिल्मबद्दल बोलतं, फिलामेंटबद्दल नाही. एक्सआरडीचंही (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघण्याचंही) लगे हात सांगतो. अ‍ॅनाटेसचा (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा) पीक २५.३ अंशांवर आणि एफटीओचा २६.६ वर, आणि पातळ फिल्मचा पीक आधीच क्षीण. ग्रेझिंग अँगलने, म्हणजे क्ष-किरण अगदी तिरपे सोडून, घ्या.

मटेरियल बदलण्याच्या मोहामागे काय आहे ते कळतं. बाजारात पोचलेली नावं टँटलम आणि हाफ्नियम ऑक्साइडची आहेत. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये टँटलम ऑक्साइडची मेमरी असलेल्या मायक्रोकंट्रोलरचं उत्पादन सुरू केलं, सॅमसंगने त्याआधी २०११ मध्ये टँटलम ऑक्साइडवर दहाचा बारावा घात इतक्या सायकल दाखवल्या. टायटॅनियम आणि ऑक्सिजनच्या मॅग्नेली फेज अनेक, त्यामुळे तंतू आज एका रूपात, उद्या दुसऱ्या. हाफ्नियम ऑक्साइडला आणखी एक सोय, २००७ पासून ते ट्रान्झिस्टरच्या गेटमध्ये वापरात असल्याने कारखान्यांच्या ओळखीचं आहे. पण तुम्हाला कारखाना काढायचा नाही, यंत्रणा समजून घ्यायची आहे, आणि त्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड उत्तम. आपल्याकडे एक सूचना हमखास येते, की नागपूरजवळ मनसर-गुमगावला मँगनीजच्या खाणी आहेत तर मँगनीज ऑक्साइडच घ्या, ‘स्थानिक’ होईल. मँगनीजच्या पेरोव्स्काइटवर स्विचिंगचं गंभीर काम झालेलं आहे, आयआयटी मुंबईतही. पण लॅबमध्ये आपण बाटलीतलं शुद्ध रसायन वापरतो. खाण वीस कोसांवर असल्याने फिल्मला काही फरक पडत नाही.

टिकाऊपणाचे दोन आलेख तुमच्या पेपरमध्ये असणारच. खोलीच्या तापमानाला दहा हजार सेकंद, म्हणजे जेमतेम पावणेतीन तास, आणि तिथून दहा वर्षांपर्यंत ओढलेली तुटक रेषा. ती रेषा काढून टाका. ८५, १०५ आणि १२५ अंशांना ठेवून बघा, सेल कधी बिघडतो ते मांडा. शंभर डीसी स्वीपना ‘एन्ड्युरन्स’ (सायकल सोसायची ताकद) म्हणू नका. पल्स द्यायची सोय असेल तर प्रत्येक पल्सनंतर वाचा. आणि सगळ्यात चांगल्या सेलऐवजी वीस-तीस सेलचं क्युम्युलेटिव्ह वितरण दाखवा, किती सेल पहिल्यापासून शॉर्ट होते तेही लिहा. आकडे कुरूप दिसले तरी रिव्ह्यूअरचा आवाज इथे मऊ होतो.

प्लॅटिनमची स्पटरिंग किंवा लहान ठिपक्यांची लिथोग्राफी इथे जमत नसेल तर इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रामसाठी अर्ज करा. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीसारख्या ठिकाणच्या सुविधा बाहेरच्या संशोधकांना त्यातून वापरता येतात. फिल्म इथेच करा, सिलिका जेल घातलेल्या बंद डबीत घालून न्या. दुरांतोच्या एसी डब्यातून उतरून मुंबईच्या दमट फलाटावर डबी उघडली तर काचेवर दव धरतं, म्हणून लॅबमध्ये पोचून तापमान सारखं होईपर्यंत झाकण काढू नका.

संपादकांकडे दोन-तीन महिन्यांची मुदत मागा. ते बहुधा देतात. आधी जुन्या डेटातून रिसेट करंट आणि ऑन रेझिस्टन्सचे आलेख काढा, त्याला नवं मोजमापही लागत नाही. मग रेझिस्टर लावून पाच-सहा नवे सेल, मग सोनं आणि चांदी शेजारी शेजारी. चांदीचाच तंतू निघाला तर पेपर मागे घ्यायची गरज नाही. यंत्रणेचा भाग नव्याने लिहा आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत रिव्ह्यूअरची शंका खरी ठरली असं सांगा. तापमानाची मालिका पुढच्या फेरीत दिली तरी चालेल.